निरोप

सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात आम्ही तिघी राहायचो. तिघींना आईवडिलांनी चांगली नावं ठेवली होती, पण वाड्यात ती कोणी वापरली नाहीत. मी कराडची म्हणून ‘कराड’, दुसरी ‘जळगाव’, तिसरी ‘सोलापूर’. ही पद्धत घरमालकीण काकूंनी पाडलेली. भाड्याच्या वहीतही त्या ‘कराड, जूनचे पोचले’ असंच लिहायच्या. एस.टी.चं पार्सल खातं चालवावं तसं.

१९९७ साल होतं. वरच्या मजल्यावर एक लांबोडकी खोली, तीन लोखंडी खाटा आणि एक सामाईक कपाट. त्याचा मधला कप्पा कोणाचा यावरून वर्षभर भांडण. जेवायला मेसचा डबा. रविवारी संध्याकाळी डब्याला सुट्टी, म्हणून त्या रात्री वडापाव नाहीतर उपास. पाणी सकाळी दोन तास, तेही खाली चौकातल्या नळाला. फोन काकूंच्या बाहेरच्या खोलीत तिपाईवर, क्रोशाच्या रुमालाखाली. काळा, तबकडीचा. तबकडीच्या भोकात चिमुकलं कुलूप अडकवलेलं, आम्ही परस्पर फोन फिरवू नये म्हणून. येणाऱ्या फोनला कुलूप घालायची सोय नव्हती.

रात्री नऊला तो वाजायचा, आणि तो सोलापूरसाठी असायचा.

मुलगा आमच्याच कॉलेजातला, एक वर्ष पुढे. आर.एक्स. शंभर गाडी, इस्त्रीचे शर्ट, बोलणं गोड. काकू तशा कोणालाच चांगलं म्हणायच्या नाहीत, पण ‘बऱ्या घरचा दिसतो’ एवढं त्यांनी त्याला देऊन टाकलं होतं. फोन आला की जी खाली असेल तिने उचलायचा, असा नियम होता. त्या वेळी काकूंच्या टीव्हीवर मालिका लागायची, त्यामुळे बहुतेक मीच खाली असायचे. तो आधी माझी चौकशी करायचा. ‘काय कराड, जेवलीस का?’ मग तिची. मग मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडायची, ‘सोलापूर, फोन!’

त्या नऊच्या फोनचा मला हेवा वाटायचा. मला नऊला सोडा, दुपारी दोनलाही कोणी फोन करत नव्हतं.

हळूहळू ‘जेवलीस का’नंतरचे प्रश्न वाढत गेले. आज ती कोणता ड्रेस घालून गेली होती? लायब्ररीत शेजारी कोण होतं? क्लासहून यायला उशीर का झाला? मी सांगायचे. त्यात काही चहाडी आहे असं मनातही आलं नाही. उलट एवढी बारीक काळजी करणारा माणूस मिळायला नशीब लागतं, असं मी जळगावला म्हटल्याचं आठवतं. जळगाव म्हणाली, ‘माझ्या आजोबांकडे दोन बैल होते. त्यांचीही अशीच काळजी घ्यायचे.’ जळगावचं बोलणं नेहमीच तिखट, म्हणून आम्ही ते फारसं मनावर घेत नसू. महिन्यातून एकदा तो माझ्यासाठी फाइव्ह स्टार पाठवायचा. मी ते खाल्लं. चांगलं लागायचं.

एकदा सोलापूर केस धुऊन आली आणि पंचाने पुसताना गाउनची बाही वर सरकली. दंडावर एका ओळीत चार निळे डाग, आणि आतल्या बाजूला एक.

‘बसमध्ये दांडा लागला,’ ती म्हणाली.

जळगाव उशीला अभ्रा घालत होती. मान वर न करता म्हणाली, ‘पुण्यातल्या बसच्या दांड्याला बोटं असतात होय गं?’

कोणी हसलं नाही. मी मेसच्या भाजीतल्या मिठाचा विषय काढला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. त्या रात्री नऊला फोन वाजला तेव्हा मी थट्टेच्या सुरात त्याला म्हणाले, ‘आमच्या सोलापूरला हल्ली बस फार लागते हं.’ पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग तो हसला. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून ती पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालायला लागली.

ती रात्र रविवारची होती हे पक्कं आठवतं, कारण डबा नव्हता. ऑगस्टचा पाऊस होता. दोघं सकाळी सिंहगडावर गेली होती. काकूंचा दरवाजा नऊला बंद व्हायचा, ती साडेनऊनंतर आली. मी दबकत जाऊन कडी काढली. ती वर आलीच नाही. चौकातल्या पिंपाशी बसून ओढणी धुवायला लागली. अंधारात, साबणाशिवाय, नुसती घासत होती. मला वाटलं चिखल लागला असेल. मी वर जाऊन माझी रिनची वडी आणली आणि तांब्याने वरून पाणी घालायला लागले.

ती सांगत होती ते तुटक होतं. उतरताना पाऊस वाढला. त्याच्या मित्राची खोली वाटेत होती. चहा पिऊन निघू म्हणाला. मित्र नव्हताच. ‘मी नको म्हणत होते,’ ती म्हणाली. ‘शेवटपर्यंत नको म्हणत होते.’

त्यावर मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. ‘पण तू त्या खोलीत गेलीसच कशाला?’

ती घासायची थांबली. रडली नाही, वाद घातला नाही. ओढणी पिळायला घेतली. ओली ओढणी नीट पिळायची तर दोघी लागतात. दुसरं टोक मी धरलं.

सोमवारी नऊला फोन वाजला. मी उचलला. ‘कशी आहे गं ती? बरं वाटत नव्हतं तिला काल,’ तो म्हणाला. आवाजात काळजी होती. ती खोटी होती असं म्हणता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण मला ती खरी वाटली, आणि आजही खरीच वाटते. मी जिन्याशी जाऊन हाक मारली. ती आली. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून म्हणाली, ‘हो.’ मग, ‘नाही, रागावले नाहीये.’ मग परत, ‘हो.’

*

‘तू गेलीसच कशाला’ हे वाक्य मी एकटीने शोधलेलं नव्हतं, हे पुढे नोकरीत आल्यावर कळलं. त्याचे पूर्वज फार मोठे निघाले.

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीत असलेलं देसाईगंज. सोळाच्या आतबाहेरची एक आदिवासी मुलगी, मथुरा, जबाबासाठी पोलीस ठाण्यात नेलेली, आणि तिच्यावर बलात्काराचा आरोप असलेले दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, झटापटीच्या खुणा नव्हत्या, ती ओरडली असंही दिसत नव्हतं. म्हणजे तिची ना नसणार, असा तो हिशेब. पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. मुकाट्याने सोसणं म्हणजे संमती नव्हे, एवढं साधं त्यांचं म्हणणं. त्या पत्रावरून देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

धागमवारांच्या त्या पत्राला आमच्या वाड्यातल्या रात्रीपर्यंत अठरा वर्षं झाली होती. पत्रातलं एक अक्षर माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. न्यायालयाचं वाक्य मात्र कोणी न शिकवता मला पाठ होतं.

आणखी सोळा वर्षांनी, २०१३ च्या दुरुस्तीत, संमती म्हणजे काय ते कायद्याने नीट लिहून ठेवलं. शब्दांनी किंवा कृतीने, स्वेच्छेने, निःसंदिग्धपणे त्या विशिष्ट कृतीला दिलेला होकार. नुसता अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून होकार धरायचा नाही. वर्गात हे वाचून दाखवताना मी ‘त्या विशिष्ट कृतीला’ यावर थांबते. गाडीवर बसायला होकार म्हणजे फक्त गडावर जायला होकार. चहाला होकार म्हणजे चहाला. मुलं वहीत लिहून घेतात. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, मग प्रत्येक वेळी विचारायचं?’ वर्ग हसला. मी म्हटलं, ‘गाडी मागताना प्रत्येक वेळी विचारतोस ना मित्राला?’ तो म्हणाला, ‘मित्राची गाडी असेल तर नाही विचारत, मॅडम. किल्ली काढून घेतो.’ मुलगा प्रामाणिक होता. त्या उत्तरावर मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

*

मी आता एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात शिकवते आणि काही वर्षं अंतर्गत तक्रार समितीवर आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. समितीपुढे आलेलं बाहेर सांगायला कायद्याने बंदी आहे, आणि ती मला पटते. म्हणून पुढे जी मुलगी येते ती कुठलीही एक मुलगी नाही. चारपाच जणींचे कपडे एकीला घातलेत.

समितीचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये केले, राजपत्रात आले मे २०१६ मध्ये. अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. चौकशी नव्वद दिवसांत. मुलग्यांनाही तक्रार करता येते. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही. प्रत्यक्षात आमच्या तक्रारपेटीतून वर्षभरात निघतं ते कँटीनच्या समोशाबद्दल, किंवा ‘अमुक सर फार झोपवतात’. एकदा एक चिठ्ठी निघाली, वहीचा कोपरा फाडून लिहिलेली: ‘तक्रार नाही, फक्त विचारायचं आहे.’ नाव नव्हतं. ती विचारायला कधी आली नाही.

८ मार्चला आमच्याकडे कराटेचं प्रात्यक्षिक आणि रांगोळी असते. कराटेला माझा विरोध नाही. मुली मजेत ओरडतात, सतरंजीवर एकमेकींना पाडतात. शिकवणारा दादा म्हणतो, ‘मागून कोणी हात धरला तर...’ मी मागे उभी राहून मनात म्हणते, समोरून धरला तर? जो हात काल आपणच धरला होता, त्याने धरला तर?

तिची तक्रार पेटीतून आली नव्हती. तिला एक शिपाईमावशी घेऊन आल्या. मुलगी पहिल्या वर्षाची, सोबत तिची मैत्रीण. टेबलावर तिचा फोन पालथा पडलेला, आणि तो दर मिनिटाला टेबलभर सरपटत होता. मी म्हटलं, ‘बंद कर हवा तर.’ ती घाबरली. ‘बंद केला तर घरी येईल मॅडम.’

ठिपका दाखवला तिने मला. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटांसाठी देता येतं, तासाभरासाठी किंवा आठ तासांसाठी. ती दिवसातून तीनदा आठ तास द्यायची. रात्री दोनला गजर लावून उठायची, नव्याने द्यायला. मध्ये खंड पडला की तो हातावर ब्लेड ठेवल्याचा फोटो पाठवायचा. इन्स्टाग्रामचा पासवर्ड त्याच्याकडे. तिचे काही फोटोही त्याच्याकडे. एकदा तिने ‘आता पुरे’ म्हटलं तर त्याने एवढंच विचारलं, ‘तुझ्या बाबांचा नंबर तोच आहे ना?’

हे शेवटचं वाक्य नीट बघावं लागतं. त्यात शिवी नाही, धमकी नाही. पण आपल्याकडे कॉलेजातल्या मुलीला गप्प बसवायला याहून मोठं हत्यार कोणाकडे नसतं. मारणाऱ्याची भीती दुसऱ्या नंबरवर असते. पहिला नंबर घरच्यांचा. कळलं की शिक्षण बंद, मामाकडे रवानगी, वैशाखात लग्न. मुलगा दुसऱ्या जातीचा असेल तर याहूनही वाईट. म्हणजे तिला ज्यांनी वाचवायचं त्यांच्याच नावाने तो तिला कोंडतो, आणि घरच्यांना आपण असे वापरले जातोय याचा पत्ता नसतो.

कायद्याकडे वळावं तर तिथे एक विचित्र फट आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात नवऱ्याने मारलं तर न्यायदंडाधिकारी ‘हिच्याजवळ फिरकू नको’ असा आदेश देऊ शकतात. लग्नासारखं एकत्र राहत असतील तरीही. पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शनिवार-रविवार बरोबर घालवले म्हणून ते नातं लग्नासारखं होत नाही. तेव्हा जिला ‘गर्लफ्रेंड’ म्हणतात ती त्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेर. तिच्यासाठी सरळ फौजदारी कलमं. पाठलागाचं कलम २०१३ मध्ये आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत ७८ वं. नापसंती स्पष्ट दाखवूनही मागे लागणं, पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणं, हे सगळं त्यात बसतं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण मागे लागणं आणि संपर्क साधणं गुन्हा ठरायला कलमाला हवी असते स्पष्ट नापसंती. आणि ही मुलगी तर रात्री दोनला उठून स्वतःच्या बोटाने ठिपका चालू करत होती.

तिला जे विचारायचं ते आम्ही विचारलं. नियमाप्रमाणे काय करता येतं, घरी कोण सांगेल, सांगायचं की नाही, पोलिसांत जायचं तर कोण बरोबर येईल. त्या दिवशी मी ‘तू दिलंसच कशाला’ असं म्हणाले नाही. जिभेवर आलं होतं. सव्वीस वर्षांनंतरही आलं होतं.

मग मी मैत्रिणीकडे वळले. तिला कोणी काही विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं.

‘तुला येतात का त्याचे मेसेज?’

ती गोंधळली. ‘येतात ना मॅडम. हिने फोन नाही उचलला की मला करतो. मग मी हिचा फोटो काढून पाठवते, लायब्ररीत आहे म्हणून. म्हणजे त्याचं टेन्शन जातं.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘माझ्याशी तो चांगला बोलतो, मॅडम. जेवलीस का विचारतो.’

मला पाणी प्यावंसं वाटलं.

प्राचार्यांकडे फाइल गेली तेव्हा ते म्हणाले, ‘कॉलेजच्या मूल्यांकनाला नॅकची टीम यायचीय मॅडम, पंधरा दिवस थांबता येईल का?’ त्यांचाही हेतू वाईट नव्हता. या सगळ्या गोष्टीत वाईट हेतूची माणसं एवढी कमी का भेटतात, हे एक कोडंच आहे. आम्ही थांबलो नाही एवढं सांगते, पुढचं सांगता येत नाही.

*

२७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भर सकाळी एका मुलीच्या मागे एक तरुण कोयता घेऊन धावला. तिने नाही म्हटलेला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी दोन मुलं मध्ये पडली, कोयता धरला, मुलगी वाचली. त्यांचं कौतुक झालं ते योग्यच झालं. रस्त्यावर इतरही बरेच लोक होते. त्याच महिन्यात राजगडाच्या पायथ्याशी एका मुलीचा मृतदेह मिळाला होता. स्पर्धा परीक्षा पास झालेली, लग्नाला नकार दिलेली. त्याआधी २०२० मध्ये हिंगणघाटची तरुण प्राध्यापिका, जिला भररस्त्यात पेटवलं. आणि त्याच्याही तीस वर्षं आधी उल्हासनगरची दहावीची मुलगी, जिला परीक्षेच्या वर्गात जाळलं. प्रत्येक वेळी बातमीचा मथळा ठरलेला: ‘एकतर्फी प्रेमातून’. मराठी पत्रकारितेने एवढ्या इमानाने जपलेला दुसरा शब्दप्रयोग क्वचितच असेल. एकतर्फी दरोडा असं कोणी लिहीत नाही.

पेठेतला तो रस्ता मला पायाखालचा आहे. आमचा वाडा आता नाही, तिथे इमारत झालीय. कोयता रस्त्यावर आला की दिसतो, दोघं तरी धावतात. नऊचा फोन कोणाला दिसतो?

वसईच्या मुलीची गोष्ट सगळ्या देशाने वाचली, पण लोकांच्या लक्षात राहिला तो तिच्या देहाचे तुकडे ठेवलेला फ्रिज. मला त्यातल्या दोन गोष्टी आठवतात. एक तिने २३ नोव्हेंबर २०२० ला तुळिंज पोलिसांना दिलेला अर्ज. बरोबर राहणारा जोडीदार मारतो, तुकडे करून टाकीन म्हणतो, असं तिने स्वतः लिहिलं होतं. नंतर तिने आता भांडण नाही म्हणून ती तक्रार मिटवली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. दुसरी गोष्ट म्हणजे त्या सप्टेंबरात एका मित्राने तिच्या घरी कळवलं की तिचा फोन बरेच दिवस लागत नाहीये. त्या निरोपावरून वडील पोलिसांकडे गेले आणि नोव्हेंबरात त्याला अटक झाली. उशीर झाला होता. पण निरोप योग्य घरी गेला होता.

*

दिवाळीच्या सुट्टीआधी सोलापूरचे वडील ट्रंक न्यायला आले. धोतर-टोपीतले, अबोल. तिने घरी काय सांगितलं होतं माहीत नाही. बहुधा पुण्याचं पाणी मानवत नाही असं काही. रिक्षात बसताना मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘तो विचारेल. काही सांगू नकोस.’

त्याने विचारलं. नऊला. मी म्हणाले, ‘गेली सोलापूरला, बहुतेक परत येणार नाही.’ तो पलीकडे रडायला लागला. मुलगा फोनवर रडतोय हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं, बघ, किती प्रेम आहे. काकूंच्या वहीत सगळ्यांचे घरचे पत्ते होते. मी वही उघडली आणि वाचून दाखवला. पिनकोडसकट.

पुढचं जळगावकडून कळलं, तेही बऱ्याच वर्षांनी. तो सोलापूरला गेला, दोन दिवस त्यांच्या घरासमोर उभा राहिला, मग वडिलांना भेटून गडावरचे फोटो दाखवले. तिचं शेवटचं वर्ष राहिलंच. उन्हाळ्यात लग्न झालं.

सहा वर्षांपूर्वी जळगावने मला तिचा नंबर दिला. मी महिनाभर तो नुसता बघत होते. मग एका दुपारी लावला. ती मोकळेपणाने बोलली. दोन मुलं, मोठी इंजिनीअरिंगला पुण्यात, वसतिगृहात. मी म्हटलं, ‘मला एक सांगायचंय. पत्ता मी दिला होता.’

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.

‘तू दिलास होय?’ ती म्हणाली. ‘मी इतकी वर्षं काकूंना शिव्या देत होते.’

मी माफी वगैरे बोलायला लागले. तेवढ्यात तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. ‘चल, ठेवते,’ ती म्हणाली. मला हलकं वाटेल म्हणून मी फोन केला होता, आणि तिच्यावर आणखी एक ओझं टाकून ठेवला होता. त्यानंतर मी पुन्हा केला नाही. तिनेही नाही.

आमच्या कॉलेजच्या जुन्या मुलामुलींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तो त्यात आहे. रोज सूर्योदय आणि सुविचार. महिला दिनाला ‘सर्व भगिनींना’ गुलाब. मी अजून त्या ग्रुपमध्ये का आहे, ते मला सांगता येत नाही. गेल्या दिवाळीत कोणीतरी हौसेने सोलापूरला ग्रुपमध्ये घेतलं. ‘वेलकम’ची रांग लागली. सात मिनिटांनी ती बाहेर पडली. ‘अरे, का गेली?’ ‘चुकून झालं असेल’ ‘परत घ्या ना तिला’. तीसचाळीस मेसेज.

त्या रात्री मला वेगळा मेसेज आला. त्याचा. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

‘कराड, तिचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?’

घड्याळाकडे बघायचा मोह झाला, पण बघितलं नाही. ‘नाही,’ मी लिहिलं. दोन टिका निळ्या झाल्या. वर ‘टायपिंग’ असं आलं, गेलं, परत आलं.

‘बरं. जेवलीस का?’